बेळगावात बुक क्लबनं झोंबी कादंबरी कशी वाचायची

झोंबीचं, म्हणजे मेल्यावरही उठून चालणाऱ्या माणसांचं, पुस्तक हातात दिसलं की घरचे "हे काय वाचूलालास गा?" म्हणणारच, म्हणू देत, पुस्तक नीट निवडलं तर चर्चेला याच्याएवढा भरलेला विषय क्वचितच मिळतो. मी मॅक्स ब्रुक्सचं 'वर्ल्ड वॉर झेड' घ्या म्हणेन, 2006 चं आहे. झोंबींबरोबरचं युद्ध संपल्यावर जगभरच्या लोकांच्या घेतलेल्या मुलाखती असं सगळं पुस्तक, एकच हीरो असा कोणी नाही, म्हणून वाटून घ्यायला सोपं.

ज्यांनी 2013 चा पिक्चर बघितलाय त्यांना आधीच सांगा की तो बाजूला ठेवा. पिक्चरमधले झोंबी पळतात, पुस्तकातले हळू चालत येतात, आणि खरी भीती त्या हळूपणातच आहे कारण सरकारांना वेळ असतो आणि तरी कोणी काही करत नाही.

मग वाटणी. पुस्तकाचे 8 भाग आहेत, पंधरा दिवसाला दोन पुरे. प्रत्येकानं पुस्तकातली एक मुलाखत निवडायची आणि बैठकीत ती "मी" म्हणून मराठीत सांगायची, सारांश नको. चीनच्या डॉक्टरची पहिली मुलाखत घ्या, बारा वर्षांचा पोरगा, हातपाय प्लास्टिकच्या दोरीनं बांधलेले, ओढून ओढून कातडी सोलवटलीय पण रक्ताचा थेंब नाही, नाडी लागत नाही आणि पोरगा हलतोय! हे कोणी समोर बसून "मी नाडी बघितली" असं सांगायला लागलं की सगळे गप्प होतात. शिवाय इंग्रजी जड जाणाऱ्यांनाही यात येता येतं.

फॅलँक्स नावाच्या खोट्या लसीचा भाग आला की ती बैठक टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडाखाली घ्या. आपल्याच गावात देवीची लस तयार व्हायची, तिथं बसून घाबरलेल्या लोकांना बनावट लस विकणाऱ्या माणसाबद्दल बोलताना लोक पुस्तकावरनं आपोआप आपल्या घरच्या गोष्टींवर येतात. घरात म्हातारी माणसं असतील तर आधीच विचारून या, प्लेगात गाव सोडून शेतात खोपी घालून राहिल्याचं त्यांनी आईबापांकडनं ऐकलेलं असतं.

'द ग्रेट पॅनिक' या भागाला जास्त वेळ ठेवा, माझ्या मते आपल्यासाठी पुस्तकाचा जीव तिथंच आहे. गुजरातच्या अलंगला लोक जहाजावर चढायला समुद्रात उड्या घेतात ते वाचा आणि मग कोरोनातला महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका आठवा, आरटीपीसीआर रिपोर्ट नाही म्हणून गाड्या परत फिरवत होते, पोरगी कागलला दिलेली आणि आईबाप निपाणीत, मध्ये पोलीस. ज्याच्यावर वेळ आली त्याला पूर्ण बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. सीमाप्रश्न निघणारच, निघू दे, फक्त पुस्तकातलं पान धरून बोला नाहीतर संध्याकाळ त्यातच जाते.

पुस्तकातला रेडेकरचा प्लॅन शेवटी ठेवा. थोड्यांना वाचवायला बाकीच्यांना सोडून द्यायचं, हे बरोबर का? दोन बाजू करा, आणि अर्ध्या वेळानं बाजू बदलायला लावा.

कन्नड बोलणारे मेंबर असतील तर त्यांनी आपली मुलाखत कन्नडमध्येच सांगावी, आपल्याकडं समजतं सगळ्यांना.