व्हर्जिनियातला पूर्वज शोधायला बसण्याआधी

सून किंवा जावई अमेरिकन असला की नातवंडांच्या वंशावळीची एक बाजू कुलवृत्तांतात आयती मिळते, दुसरी अडते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की वही उघडते, तशी वही तिकडे नाही. म्हणून आधी घरात जे आहे ते गोळा करा. विहीणबाईंकडे जुनं कौटुंबिक बायबल असेल तर त्यातलं जन्म-मृत्यूचं पान, थडग्यांचे फोटो, जुनी पत्रं. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली तेही लिहा. ‘आमचे मूळपुरुष मेफ्लॉवरवरून आले’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्यांचं जहाज. १६२० साली त्यावर १०२ प्रवासी होते, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे गेले. तेव्हा हसून ऐका, पण वहीत पेन्सिलीनेच लिहा.

पिढ्या आजपासून मागे मोजत जा, वरून खाली उतरू नका. १८५० पर्यंत काम सोपं जातं, कारण त्या वर्षीच्या खानेसुमारीत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. १७९० ते १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे. इथे कोरा तक्ता आखून मुलांची अंदाजे वयं त्या आकड्यांशी ताडून पाहावी लागतात. व्हर्जिनियाची १७९० ची पानं तर उरलेलीच नाहीत, तिथे १७८० च्या दशकातल्या करयाद्यांवर भागवायचं. पूर्वज गुलामगिरीत असेल तर वाट वेगळी. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं, गुलामाचं बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि कातडीचा रंग. नाव-आडनावासकट तो माणूस १८७० ला भेटतो. त्याआधी मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत, गुराढोरांच्या शेजारी शोधावं लागतं. ते वाचायला मन घट्ट करूनच बसा.

आता नकाशा. या कामात नावापेक्षा जागा महत्त्वाची, कारण कागद काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या कोर्टात राहतात आणि काउंट्या फुटत गेल्या. कुटुंब जागचं हललेलं नसतं, तरी त्याचे जुने कागद मूळ काउंटीत असतात. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियातच होतं, पश्चिम व्हर्जिनिया १८६३ ला वेगळं झालं. म्हणून प्रत्येक दशकात ती जमीन कोणत्या काउंटीत होती, ते आधी लिहून काढा. मग त्या कोर्टाला कधी आग लागली होती का, ते पाहा. व्हर्जिनियात अशा ‘जळलेल्या काउंट्या’ बऱ्याच आहेत.

तारखांसाठी एक चिठ्ठी समोर चिकटवा. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, आणि पंचांग बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ उजाडला. म्हणूनच जॉर्ज वॉशिंग्टनची जन्मतारीख जुन्या कागदात ११ फेब्रुवारी १७३१, आणि आपण शिकतो ती २२ फेब्रुवारी १७३२.

शब्दही फसवतात. ‘ज्युनिअर’ म्हणजे मुलगाच असं नाही, त्याच गावात त्याच नावाचा वयाने लहान माणूसही असतो. ‘मदर-इन-लॉ’ कधी सावत्र आई निघते. आडनाव तर कारकुनाच्या कानावर जसं पडलं तसं, त्याची पाच-सहा रूपं आधीच लिहून ठेवा.

जहाज शेवटी शोधा. प्रवाशांच्या नियमित याद्या १८२० पासूनच्या. त्याआधी व्हर्जिनियात माणूस आणणाऱ्याला डोईमागे ५० एकर मिळत, म्हणून आलेल्यांची नावं जमिनीच्या कागदांत सापडतात. १६३० च्या दशकातल्या अशाच एका कागदात ‘टोनी, ईस्ट इंडियन’ आहे. इतक्या लवकर आपल्याकडचं कोणी तिथे पोचलं होतं, हे वाचून मी खुर्चीतून उठून चहाच करायला गेले.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर बरंच फुकट दिसतं, तरी एकदा कोर्टात जाणार असाल तर आधी फोन करून वेळ विचारा. पेन्सिल, भिंग आणि चार्जर बरोबर असू द्या. खरेदीखत सापडलं की पतीच्या सहीवर थांबू नका. विधवेला जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हक्क असे, म्हणून विक्रीच्या वेळी बायकोची वेगळी संमती घ्यावी लागे, आणि कित्येक बायकांचं नाव कागदावर येतं ते तेवढंच. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. त्यांतला एखादा तिचा भाऊ असतो.