ओळखपत्र आहे, पण मतदार यादीत नाव आहे का?

दर निवडणुकीत हातात मतदार ओळखपत्र घेऊन आलेले लोक मतदान न करता परततात. मत देता येतं ते यादीत नाव असल्यामुळे. कार्ड फक्त तुम्ही तेच आहात एवढं दाखवतं. म्हणून पहिलं काम यादी पाहण्याचं. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर कार्डाचा क्रमांक टाकला की मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसतो. नेट नसेल तर १९५० ला फोन करा किंवा आपल्या भागाच्या बीएलओंकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे) छापील यादी पाहा. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या वेळी इथेच घोटाळा होतो. राज्य निवडणूक आयोग त्यासाठी वेगळी नावनोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि ती प्रभागांत किंवा गटांत फोडतो. प्रारूप यादी लागल्यावर नाव दुसऱ्या प्रभागात गेल्याची हरकत घेता येते, नवं नाव मात्र घालता येत नाही.

अर्ज कोणता आणि कधी

पहिल्यांदा नाव घालायचं तर नमुना ६. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै किंवा १ ऑक्टोबर, यांपैकी ज्या तारखेला १८ वर्षं पूर्ण असतील त्या तारखेने नाव लागतं. १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

घर बदललं, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, या सगळ्यासाठी नमुना ८ आहे. नव्या गावात गेल्यावर पुन्हा नमुना ६ भरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. त्यामुळे नाव दोन ठिकाणी येतं, आणि कायद्याला ते चालत नाही. नमुना ६ मध्ये आपलं नाव दुसरीकडे कुठेच नाही असं लिहून द्यावं लागतं; ते जाणूनबुजून खोटं दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अर्जासोबत अलीकडचा फोटो, वयाचा एक आणि पत्त्याचा एक पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पत्त्यासाठी वीजबिल, बँकेचं पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार. बिल आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असलं तरी चालतं. वसतिगृहातले विद्यार्थी संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र जोडून तिथेही नाव लावू शकतात. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसालाही हा हक्क आहे: पुरावा नसेल तर बीएलओ रात्री त्या जागी जाऊन तो तिथे झोपतो का हे पाहतात.

ऑनलाइन भरताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा. इंग्रजीत लिहिलेलं आडनाव संगणक स्वतःच मराठीत उतरवतो, आणि मग काळेंचे काले होतात, ढोलेंचे धोले. मराठीच्या रकान्यात हाताने दुरुस्ती करूनच पुढे जा.

अर्ज गेल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवलेले असतात, बीएलओ घरी येऊन पडताळणी करतात, आणि उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घेताच येत नाही. त्या दिवसाच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा. घराला कुलूप असेल तर अर्ज अडकतो. बीएलओंना स्वतः फोन करून वेळ ठरवणं बरं.

अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करा. तिथेही नकार आला तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. दुसऱ्या कुणी नमुना ७ भरून तुमचं नाव काढायला सांगितलं, तरी तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते काढता येत नाही. नोटीस आली तर सुनावणीला जा.

मतदानाच्या दिवशी

मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. घरी आलेली मतदार चिठ्ठी एकटी चालत नाही. कार्डावर स्पेलिंगची किरकोळ चूक आहे म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षांना ‘मला प्रदत्त मत द्यायचं आहे’ असं स्पष्ट सांगा. टेंडर व्होट म्हटलं तरी कळतं. ओळख पटली की ते कागदी मतपत्रिका देतात. ते मत यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात सील होतं आणि मतमोजणीत धरलं जात नाही. पण निकाल कोर्टात गेला तर त्याचा विचार होऊ शकतो, आणि तुमच्या जागी दुसरा येऊन गेल्याची लेखी नोंद राहते. हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून शब्द लक्षात ठेवा.

लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते. नजर तिथेच ठेवा. दुसरंच चिन्ह छापलं गेलं असेल तर केंद्राध्यक्षांकडे लेखी तक्रार करता येते आणि ते सगळ्यांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी ठरली तर कारवाई होते, तेव्हा पूर्ण खात्री असेल तरच करा.

वेळ संपताना तुम्ही रांगेत असाल तर मत घेतल्याशिवाय केंद्र बंद होत नाही. अंध किंवा अपंग मतदाराला स्वतः बटण दाबणं जमत नसेल तर १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो; एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराला मदत करता येते. ८५ वर्षांवरचे आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले लोकसभा-विधानसभेला घरूनही मत देऊ शकतात, त्यासाठी अधिसूचनेपासून पाच दिवसांत नमुना १२ड भरावा लागतो.

आणि लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नव्हे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब ने दिलेला हक्क आहे. रोजंदारीवरच्या कामगारालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे.