करपलेलं भगुणं घासताना या चुका टाळा

संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, सोलापुरात खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, शिजते आणि तिच्या मागोमाग मोरीत करपलेलं भगुणं येतं. खपलीला शिजायला वेळ लागतो, वर गूळ पडतो. हात जरा थांबला की तळाला लागलंच. मग तारेची घासणी घेऊन कोरडंच घासायला बसतात, आणि तिथेच पहिली चूक होते. सुकलेली खरवड दगडासारखी असते. घासणी तिच्यावरून घसरते आणि शेजारच्या चांगल्या स्टीलवर चरे पाडते. पुढच्या वेळी अन्न त्याच चऱ्यांत धरतं. एकदा करपलेलं भगुणं त्याच जागी पुन्हा पुन्हा का करपतं, त्याचं एक कारण हे.

घासणीला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा: भांडं कशाचं आहे, आणि खाली लागलंय काय.

गरम भांडं नळाखाली धरणं

चर्र आवाज येतो, वाफ निघते आणि काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पातळ बूड एकदम आकसतं आणि वाकडं होतं. ओट्यावर ठेवून फिरवलं की भगुणं भिंगरीसारखं फिरत असेल तर बूड फुगलंय असं समजा. असं भांडं इंडक्शनवर नीट टेकत नाही. दहा मिनिटं निवू द्या, मग कोमट पाणी घाला.

सगळ्यावर सोडा

स्टीलला खायचा सोडा उत्तम. खरवड बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घ्या आणि दर लिटरला दोन मोठे चमचे सोडा टाका. सोडा गार पाण्यातच घालायचा. उकळत्या पाण्यात टाकला तर फेस उतू जाऊन बर्नर विझतो. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा, गॅस बंद करा आणि हात घालता येईल इतकं निवू द्या. मग लाकडी उलथण्यानं कडेकडून उचला. चांगली भिजलेली खरवड पापुद्र्यासारखी निघते. जोर लावावा लागत असेल तर ती अजून भिजलेली नाही, पुन्हा उकळा.

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यात मात्र हा उपाय करू नका. सोडा पाण्यात उकळला की त्याचा थोडाथोडा धुण्याचा सोडा होतो, आणि तो ॲल्युमिनियमला खातो. भगुणं आतून काळपट पडतं. थेट धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक वापरलं तर खड्डेही पडतात. जर्मनच्या भांड्यात नुसतं पाणी आणि अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड उकळा, निवल्यावर लाकडानं खरवडा. राहिलेला काळेपणा लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ पाण्यात घालून दहा मिनिटं उकळला की उतरतो. ते आंबट पाणी रात्रभर ठेवू नका, तेही धातूला लागतं.

कुकरचं बूड उकळताना झाकण लावायचं नाही. फेस शिट्टीच्या नळीत जाऊन बसला तर पुढच्या वेळी डाळ लावताना धोका.

सोडा आणि लिंबू एकत्र

हा सल्ला सगळीकडे फिरतो, कारण फसफस बघायला छान वाटते. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. उरतं ते जवळपास साधं खारट पाणी. दोन्ही हवेच असतील तर आधी सोडा, मग धुणं, मग लिंबू. आणि ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो.

बोअरचं पाणी, आरओचं पाणी

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून भांड्यांना बोअरचं किंवा आरओमधून वाया जाणारं पाणी वापरलं जातं. ते जड असतं, आणि आरओचं टाकाऊ तर जास्तच. भांडं तसंच सुकलं की तळाला पांढरा थर धरतो. हा क्षारांचा खडबडीत थर अन्नाला धरायला जागा देतो. सोड्यानं तो जात नाही. स्टीलच्या भांड्यात एक कप पाण्याला दोन चमचे व्हिनेगर घालून गरम करा, पंधरा मिनिटं ठेवा. रोज शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या आणि फडक्यानं पुसून ठेवा.

गूळ, दूध, डाळ सारखंच समजणं

गूळ किंवा पाक करपला असेल तर घासायचंच नाही. साखर गरम पाण्यात विरघळते. पाणी मंद उकळत ठेवलं की बरंचसं काम आपोआप होतं. पार कोळसा झालेल्या भागालाच पुढे सोडा लागतो. दुधाचा थर प्रथिनांचा, तो चिवट असतो. त्याला सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा. डाळ, भात, पिठलं तासभर भिजवलं तरी पुष्कळ सुटतं.

शेंगा पोळीचा तवा

पोळी फुटून गुळाचं सारण तव्यावर सांडतं, जळतं, आणि पुढच्या प्रत्येक पोळीला काळे ठिपके लागतात. लोखंडी तवा गरम असतानाच ओल्या फडक्याची घडी चिमट्यात धरून तो डाग पुसा. वाफेनं गूळ लगेच सुटतो. तवा निवल्यावर हेच काम दहापट अवघड. लोखंड रात्रभर पाण्यात ठेवायचं नाही, गंजतं. धुतल्यावर आचेवर कोरडा करून तेलाचा बोटभर हात फिरवा.

कल्हईच्या भांड्याला तारेची घासणी लावायची नाही आणि ते रिकामं तापवायचं नाही: कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. आतून पितळ दिसू लागलं की कल्हई होईपर्यंत त्यात आमटी नको. नॉनस्टिकचा थर सोलला असेल तर ते भांडं स्वयंपाकातून काढाच.

आणि हुग्गीसाठी भगुण्याखाली जुना जाड तवा ठेवा, आच सगळीकडे सारखी लागते. गूळ गहू पूर्ण शिजल्यावरच घाला.