भिंत बंद होण्याआधी: होम थिएटर आणि ऑटोमेशनचं काम देताना करायची तयारी

काम करणाऱ्या व्यावसायिकाला बोलावण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर उपकरणांची नव्हे, वापराची यादी लिहा. कोणत्या खोलीत किती जण बसून काय पाहणार, दिवसा की रात्री, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असतं का, घरातली ज्येष्ठ मंडळी मोबाइलवरून दिवे लावतील की त्यांना भिंतीवरचं बटणच हवं, बाहेर पडताना एका बटणावर काय काय बंद व्हायला हवं. 'घर स्मार्ट करायचंय' एवढंच सांगितलं, तर समोरचा त्याच्याकडे जे असेल ते सुचवतो, मग ते तुम्हाला लागो न लागो. त्याच कागदावर दुसऱ्या रकान्यात 'आत्ता नको, पण पुढे लागेल' अशा गोष्टी उतरवा: मोटरवर चालणारे खिडक्यांचे पडदे, छतातले स्पीकर, दारावरचा कॅमेरा. त्यांच्यासाठी आज फक्त रिकामा पाइप टाकून ठेवायचा असतो. गिलावा झाल्यावर त्याच कामासाठी भिंत फोडावी लागते.

बोलावण्याची योग्य वेळ म्हणजे फर्निचरचा आराखडा ठरलाय, पण भिंतीत वायरिंगच्या झिऱ्या मारायला सुरुवात झालेली नाही, अशी. त्या टप्प्यावर इंटिरिअर करणारे, इलेक्ट्रिशियन आणि हा व्यावसायिक अशी तिघांची एक बैठक घराच्या जागेवरच घ्या. पाइप कोण टाकणार, तार कोण ओढणार, छताला छिद्रं कोण पाडणार आणि नंतर ती कोण बुजवणार, हे तिथेच लिहून घ्या. रखडलेल्या कामांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच न ठरलेली हद्द असते.

बैठकीला येणाऱ्याच्या हातात खोलीचा नकाशा द्या: लांबी, रुंदी, उंची, दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडक्या, बीम, एसीची जागा. बसायची जागा टेपने जमिनीवर आखून ठेवली तर उत्तम, कारण चित्राचा पडदा आणि स्पीकर दोन्हींचा हिशेब तिथूनच सुरू होतो. १०० इंची (हे माप तिरकस, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं) पडद्याची रुंदी सुमारे २.२ मीटर असते. डोळ्यांपुढे ३० ते ४० अंशांचा कोन व्हावा म्हणून बसायची जागा त्यापासून साधारण ३ ते ४ मीटरवर हवी. प्रोजेक्टरचं अंतर त्याच्या थ्रो रेशोवर, म्हणजे ते पडद्याच्या रुंदीच्या किती पट असतं त्यावर, ठरतं: १.५ रेशो असेल तर तेवढ्या पडद्यासाठी भिंग ३.३ मीटरवर येतं, आणि नेमका तिथे पंखा किंवा बीम असला तर मॉडेलच बदलावं लागतं. म्हणून आधी मॉडेल, मग छतातला पॉइंट.

आवाजाच्या बाबतीत पुढचे डावे-उजवे स्पीकर बसायच्या जागेपासून मध्यरेषेच्या २२ ते ३० अंशांवर, ५.१ मधले (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) बाजूचे स्पीकर ९० ते ११० अंशांवर, आणि पुढचे तिन्ही (डावा, मधला, उजवा) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीच्या जवळपास, म्हणजे जमिनीपासून मीटरभर ते सव्वा मीटर. सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका; तिथे खर्जाचा आवाज फुगतो आणि मागचे स्पीकर कानाशीच येतात. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास घुमारा येतो. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदीचे घुमारे एकाच ठिकाणी साठतात, त्यामुळे एका बैठकीवर बास अंगावर येतो आणि शेजारच्या बैठकीवर जवळजवळ गायब असतो. यावर उपाय सबवूफरची जागा बदलणं, शक्य असल्यास दोन सबवूफर लावणं. त्यासाठी खोलीत निदान दोन जागी प्लग आणि सिग्नलची तार आधीच हवी. खोलीची मापं न विचारता स्पीकरचं मॉडेल सांगणारा माणूस या कामाचा नाही, असं खुशाल समजा.

आता पाइप. इथे थोडे जास्त पैसे घालायला कचरू नका. एचडीएमआयच्या टोकाचं आवरण साधारण २० मिलिमीटर रुंद असतं, त्यामुळे २५ मिलिमीटरच्या पाइपच्या वळणावर ते अडकतं. टीव्ही किंवा प्रोजेक्टरपासून रॅकपर्यंत (उपकरणं ठेवायच्या कपाटापर्यंत) ४० ते ५० मिलिमीटरचा पाइप घ्या, काटकोनी एल्बो न वापरता लांब वळणं ठेवा, दोनपेक्षा जास्त वळणं येत असतील तर मध्ये जंक्शन बॉक्स मागा, आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवायला लावा. तांब्याची साधी एचडीएमआय केबल ४के साठी सुमारे ५ मीटरपर्यंतच भरवशाची. पुढच्या अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय लागते आणि तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे (स्पीकर आणि चित्राची उपकरणं जिथे जोडतात त्या मुख्य यंत्राकडे) आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं टीव्हीकडे जायला हवं. उलटी ओढली तर चित्र येतच नाही, आणि ते कळतं छत बंद झाल्यावर. म्हणून कुठलीही केबल पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकांना उपकरणं जोडून तपासायची, हे करारातच घाला.

स्पीकरच्या तारा मोजून लिहा. ५.१.२ रचनेला (शेवटचा आकडा छतातल्या स्पीकरचा) स्पीकरच्या ७ तारा आणि सबवूफरची १ वेगळी, ७.१.४ ला स्पीकरच्या ११. आठ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार पुरते. अंतर जास्त असेल किंवा स्पीकर चार ओहमचा असेल तर २.५ ची. कोटेशनमध्ये 'तांबं' हा शब्द स्पष्ट हवा, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला तशीच असते, पण तिचा रोध जास्त असतो आणि टोकं वाकवताना तुटतात. तारेचं टोक चाकूने खरवडून पाहिलं की आतला पांढरा धातू लगेच दिसतो. या तारा आणि नेटवर्कच्या केबल विजेच्या तारांच्या पाइपातून कधीही नेऊ देऊ नका. समांतर जाताना सुमारे ३० सेंटीमीटरचं अंतर, आणि छेदायचंच झालं तर काटकोनात.

ऑटोमेशनमध्ये पहिला प्रश्न न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा. जुन्या वायरिंगमध्ये स्विचबोर्डात अनेकदा फक्त फेज (वीज आणणारी तार) आलेला असतो, आणि बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल लागतो. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात, पण ते स्वतःसाठी लागणारा थोडासा प्रवाह दिव्यातून खेचतात, म्हणून कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. नवीन काम असेल तर प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग आणायला सांगा आणि मागचा डबा खोल घ्या, ५० मिलिमीटर किंवा जास्त. उथळ डब्यात मॉड्यूल कोंबलं की तारा दाबल्या जातात आणि ते तापतं.

दुसरा प्रश्न लोडचा, आणि यात चुका सर्वांत जास्त होतात. बोर्डागणिक एक तक्ता करा: कुठला दिवा, किती वॅट, मंद करायचा की नुसता चालू-बंद, पंखे किती, सोळा अँपिअरची उपकरणं कोणती. दिव्याच्या डिमरवर पंखा लावला तर तो घुमतो आणि मोटर तापते. त्याला पंख्यासाठीचाच रेग्युलेटर मॉड्यूल हवा. गीझर आणि एसी छोट्या रिलेवर (मॉड्यूलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचवर) टाकायचे नाहीत, त्यांना योग्य क्षमतेचा काँटॅक्टर, म्हणजे मोठ्या लोडचा तसाच स्विच, लागतो. एलईडीचे बरेच ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे डबे) एकाच रिलेवर घेतले तर सुरू होतानाच्या क्षणिक जोरदार प्रवाहाने संपर्क चिकटतात आणि दिवे बंद होईनासे होतात, जरी वॅटची बेरीज मर्यादेत दिसत असली तरी. मंद करायचे दिवे घेताना ड्रायव्हर आणि डिमर यांची पद्धत जुळते का, हे दिवे विकत घेण्याआधीच विचारा. जिन्याच्या दुहेरी स्विचबद्दल वेगळं बोला, तिथली जोडणी निराळी असते.

पद्धत कोणती निवडायची, हे घराच्या अवस्थेवर ठरवा. भिंती उघड्या असतील आणि अनेक वर्षं टिकणारं काम हवं असेल, तर केएनएक्ससारखी तारेवर चालणारी बस प्रणाली (सगळे स्विच आणि उपकरणं एकाच संदेशवाहक तारेवर जोडणारी) विचारात घ्या. तिची केबल प्रत्येक स्विचपर्यंत जाते, म्हणून ती नंतर घालणं अवघड. राहत्या घरात झिगबी, झेड-वेव्ह किंवा वाय-फायची बिनतारी उपकरणं सोयीची. झिगबी आणि बरीचशी स्मार्ट वाय-फाय उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे दोन्हींचे चॅनल वेगळे ठेवायला सांगा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅटर मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र नांदू लागली आहेत, पण मॅटरमधून एखाद्या उपकरणाची सगळी वैशिष्ट्यं मिळतीलच असं नाही. कोणती मिळतात ते प्रत्यक्ष पाहून घ्या. रचना कोणतीही असो, टीव्ही, रिसीव्हर आणि हब (स्मार्ट उपकरणांना जोडणारं मधलं यंत्र) यांना कॅट-६ ची नेटवर्कची तार द्या. राउटर लोखंडी डब्यात बंद करू नका. राउटर आणि हब छोट्या यूपीएसवर ठेवा.

व्यावसायिक निवडताना त्याने वर्षभरापूर्वी पूर्ण केलेलं एक काम पाहायला मागा. नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. वर्षानंतर घरातली माणसं काय वापरतात आणि काय वापरायचं त्यांनी सोडून दिलंय, हे विचारणं जास्त उपयोगाचं. तिथे रॅकच्या मागे डोकवा: तारांवर दोन्ही टोकांना खुणा आहेत का, रिसीव्हरच्या वर हवेला जागा आहे का. विजेच्या बोर्डाचं काम परवानाधारक माणूस करणार का, तेही विचारा. सेडिया या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रशिक्षण असेल तर चांगलंच, पण ते पाहिलेल्या कामाची जागा घेत नाही.

कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तूचं मॉडेल, तारेचा प्रकार आणि मीटर, पाइपचा व्यास, प्रोग्रॅमिंग, कॅलिब्रेशन (खोलीप्रमाणे आवाज आणि चित्र जुळवणं), आणि नंतरच्या भेटी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात. 'ऑटोमेशन पॅकेज' अशी एकच ओळ स्वीकारू नका. उपकरणाची वॉरंटी कंपनीची, पण बसवण्याची हमी कामगाराची. दोन्हींची मुदत वेगळी लिहून घ्या. पैसे टप्प्यांनी द्या: काही आगाऊ, काही तारा ओढून तपासल्यावर, काही उपकरणं बसल्यावर, आणि ठळक रक्कम सगळ्या चाचण्या होऊन कागद हातात पडेपर्यंत मागे ठेवा.

गिलावा होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे आणि छताचे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसेल अशी धरून. पुढे खिळा ठोकताना किंवा बिघाड शोधताना हे फोटोच कामाला येतात.

ताबा घेताना चाचण्या स्वतः करा. इंटरनेटची तार काढा आणि भिंतीवरची बटणं चालतात का पाहा. नाही चालली तर काम अपुरं आहे. मेन स्विच बंद करून पुन्हा लावा: रात्री वीज येताच घरभर दिवे पेटणार असतील तर ती सेटिंग बदलून घ्या. प्रत्येक स्पीकरला चाचणीचा आवाज देऊन तो योग्य जागेवरून येतो का, आणि कुठल्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी तर नाही ना, ते तपासा. उलटी असेल तर बास पातळ होतो आणि संवाद मधोमध ठरत नाहीत. ४के चित्र सलग दोन तास रॅकचं दार लावून चालवा. चित्र मधूनच काळं पडत असेल तर केबल किंवा जोड संशयास्पद, आणि रिसीव्हर आपोआप बंद होत असेल तर बहुधा हवा कमी पडतेय. शेवटी घरातल्या सगळ्यात कमी तंत्रज्ञान वापरणाऱ्या व्यक्तीच्या हाती रिमोट द्या आणि कुणीही काही सांगू नका.

कागदपत्रांत पुढच्या गोष्टी हव्यातच: तारांचा अंतिम नकाशा, सर्व उपकरणांचे ॲडमिन पासवर्ड, राउटरची माहिती, कॅलिब्रेशनच्या नोंदी, बिलं, आणि प्रणालीची प्रोजेक्ट फाइल. केएनएक्समध्ये ही ईटीएस (केएनएक्सचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट फाइल नसेल तर दुसऱ्या माणसाला साधा बदल करायलाही बरंचसं काम नव्याने उभं करावं लागतं. सगळी खाती तुमच्या ईमेलवर उघडलेली हवीत, काम करणाऱ्याच्या नव्हे, आणि त्याला दिलेला दूरस्थ प्रवेश तुम्हाला बंद करता यायला हवा. काम देतानाच विचारा की उद्या तुम्ही उपलब्ध नसाल तर दुसरा कुणी हे सांभाळू शकेल का. काही बंद प्रणालींत अधिकृत विक्रेत्याशिवाय बदल होतच नाहीत. ते मान्य असेल तरच ती घ्या.

ताब्यानंतर महिन्याभराने एक भेट कोटेशनमध्येच ठरवून ठेवा. तोपर्यंत कुठलं बटण कुणीच दाबत नाही, कुठला दिवा नको तेव्हा लागतो, याची नोंद फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर करत राहा आणि तो कागद व्यावसायिकाच्या हाती द्या.