कॉमन लिस्पमधील डिपेंडन्सी : या चुका टाळा

पायथन किंवा जावास्क्रिप्टची सवय असलेला प्रोग्रॅमर कॉमन लिस्प या भाषेत काम करताना, प्रकल्पाचे घटक आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या (डिपेंडन्सी) नोंदवणाऱ्या एएसडी फाइलमध्ये लायब्ररीपुढे आवृत्तीचा क्रमांक लिहितो आणि नेमकी तीच आवृत्ती मिळेल असे गृहीत धरतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ही फाइल वाचून कोड बांधणाऱ्या व लोड करणाऱ्या सध्याच्या एएसडीएफच्या लेखी हा क्रमांक केवळ किमान मर्यादा असतो, त्यामुळे १.२ मागितल्यावर २.० आली तरी ते तक्रार करत नाही. लायब्रऱ्या उतरवून देणारे क्विकलिस्प तर काय उतरवायचे हे या क्रमांकावरून ठरवतच नाही. तेथे 'डिस्ट' म्हणजे एका तारखेला एकत्र बांधून पाहिलेल्या सर्व लायब्रऱ्यांचा संच असतो, आणि खरी आवृत्ती म्हणजे ती तारीख. म्हणून एकाच लायब्ररीतील दुरुस्तीसाठी 'अपडेट-डिस्ट' चालवले, तर स्थापित केलेल्या इतर लायब्रऱ्याही नव्या संचानुसार बदलतात. प्रकाशनाच्या तोंडावर हे करू नये. प्रत्येक प्रकल्पासाठी लायब्रऱ्यांचा वेगळा संच ठेवणारे क्यूलॉट हे साधन वापरावे आणि त्या लायब्रऱ्यांची यादी असलेल्या 'क्यूएलफाइल'सोबत नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी तिची लॉक फाइलही गिटमध्ये ठेवावी. ती वगळली तर सहकाऱ्याकडे तोच संच येईल याची हमी उरत नाही.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. 'लोकल-प्रोजेक्ट्स' फोल्डरमध्ये कधीकाळी उतरवलेली प्रत डिस्टमधील प्रतीच्या आधी निवडली जाते, त्यामुळे कितीही अपडेट केले तरी जुनाच कोड चालत राहतो. शंका आली की 'एएसडीएफ:सिस्टम-सोर्स-डिरेक्टरी'ला सिस्टमचे (एएसडी फाइलमध्ये नोंदवलेल्या लायब्ररीचे) नाव देऊन कोड कोणत्या फोल्डरमधून येतो ते आधी पाहावे.

तिसरी चूक लिस्पच्या मूळ बलस्थानातून, म्हणजे लोड केलेला सारा कोड मेमरीत धरून सतत चालू असलेल्या इमेजमधून, उद्भवते. समजा, तुमचा कोड अलेक्झांड्रिया ही लायब्ररी वापरतो, पण एएसडी फाइलमधील 'डिपेंड्स-ऑन' यादीमध्ये तिचे नाव नाही. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने ती आधीच लोड केलेली असल्याने सारे सुरळीत चालते; त्या लायब्ररीने अलेक्झांड्रिया वापरणे सोडले, की 'पॅकेज अस्तित्वात नाही' ही त्रुटी येते. जे थेट वापरता ते थेट नोंदवा, आणि चाचण्या नेहमी नव्या प्रोसेसमध्ये चालवा, कारण फाइलमधून काढून टाकलेले फंक्शनही जुन्या इमेजमध्ये जिवंत असते.

कोणतीही त्रुटी आली की फासल (कंपाइल केलेल्या) फाइलींची कॅशे पुसण्याची सवयही सोडावी. एसबीसीएल या कंपायलरची आवृत्ती बदलल्यावर एएसडीएफ आपोआप वेगळे फोल्डर वापरते. मॅक्रो बदलूनही परिणाम दिसत नसेल, तर बहुधा फाइलींमधील परस्परावलंबन नोंदवायचे राहिलेले असते. ते नोंदवावे किंवा प्रत्येक फाइल तिच्या आधीच्या फाइलींवर अवलंबून आहे असे मानणारा 'सीरियल' पर्याय चालू करावा.