वॉर्डात एकटाच पुरुष नर्स असाल तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील नर्सिंग कर्मचाऱ्यांत सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत. त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या पुरुषाच्या वाट्याला आधी येते ते वजन उचलण्याचे काम. जड रुग्णाला वर सरकवायचे असले की हाक ब्रदरलाच! या हाकेला नकार देऊ नये, मात्र एकट्याने ताकदही लावू नये. पलंग कमरेच्या उंचीवर घ्यावा, हाक मारणाऱ्या सिस्टरला पलीकडच्या बाजूस उभे करावे, ड्रॉशीटच्या (रुग्णाच्या अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीच्या) कडा दोघांनी रुग्णाच्या अंगालगत गुंडाळून धराव्यात आणि तीन म्हणताच एकदम सरकवावे. त्याच वेळी आपल्या रुग्णाच्या इन्सुलिनचा डोस आपल्याबरोबर तपासायला तिला बोलावून ठेवावे, म्हणजे मदत एकतर्फी राहत नाही.

रुग्ण तुम्हाला ‘डॉक्टर’ आणि शेजारच्या महिला डॉक्टरांना ‘सिस्टर’ म्हणतील. तिथल्या तिथे, हसून पण स्पष्टपणे, ‘मी नर्स आहे, डॉक्टर या आहेत’ असे सांगावे, कारण अशा वेळी गप्प राहिलात तर तो मान तुम्हाला आवडला असाच अर्थ निघतो.

स्त्री रुग्णाला कॅथेटर (लघवीची नळी) घालायचा असल्यास काय करणार ते आधी सांगून तिची संमती घ्यावी आणि सोबत महिला सहकारी असावी. रुग्णाने नकार दिला तर काम सोपवताना सिस्टरकडचे तेवढ्याच वेळाचे काम आपल्याकडे घ्यावे आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, ही अदलाबदल सांगावी. (पुरुष रुग्णाला मात्र सिस्टर चालेल का, हे सहसा कोणी विचारत नाही, ते विचारण्याची सवय तुम्ही लावू शकता.)

अवघड भाग बढतीचा आहे. स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या व्यवसायांत पुरुष नकळत वर ढकलले जातात, याला समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये काचेचा सरकता जिना म्हटले. इन्चार्जपद अनपेक्षितपणे समोर आले, तर त्यासाठी आणखी कोणाचा विचार झाला आणि जागा सर्वांना कळवली होती का, हे विचारूनच होकार द्यावा. बैठकीत सहकारी सिस्टरने मांडलेला मुद्दा तुमच्या तोंडून आल्यावर उचलला गेला, तर तिचे नाव त्याच वाक्यात घ्यावे.

‘बायकी काम’ अशी थट्टा झाली, तर ती करणाऱ्याला त्याच दिवशी बाजूला घेऊन बोलावे. तरीही थांबली नाही, तर तारीख आणि शब्द नोंदवून इन्चार्जना लेखी द्यावे. हीच वाट सिस्टरविषयी शेरे मारणाऱ्या पुरुषासाठीही वापरावी, मग तो तुमचा मित्र का असेना.