सीनियर फार्मर्स मार्केटच्या कूपनांचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत समाजकार्य, आहारशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य शिकायला आलेल्या मुलामुलींना मी उन्हाळ्यासाठी एक काम आवर्जून सुचवते: जवळच्या सीनियर सेंटरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्रात, फार्मर्स मार्केटची कूपनं वाटायला मदत करणं. या कूपनांवर कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना शेतकरी बाजारात थेट शेतकऱ्याकडून ताजी फळं-भाज्या घेता येतात. विद्यार्थिनी असताना मी ते धरलं, अजून सोडलेलं नाही.

ही कूपनं देणारा सीनियर फार्मर्स मार्केट न्यूट्रिशन प्रोग्रॅम २००१ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि २००२ च्या फार्म बिलाने त्याला कायद्याचा आधार मिळाला. पैसा केंद्रीय कृषी खात्याचा, अंमलबजावणी राज्यांची. वय ६० किंवा जास्त आणि उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत, ही मुख्य अट. रक्कम राज्यागणिक बदलते आणि ती महिन्याची नसते, अख्ख्या हंगामाची असते. बाकी नियम आपापल्या राज्याच्या पत्रकात वाचा.

फॉर्म भरून घेणं सोपं आहे. खरं काम त्यानंतरचं. कूपन घेऊन गेलेली व्यक्ती बाजारात पोचलीच नाही, तर हंगाम संपल्यावर तो कागद वाया जातो, आणि शेतकऱ्याची विक्रीही बुडते. म्हणून वाटप किती झालं यापेक्षा भाजी किती घरांत गेली, याकडे लक्ष ठेवा.

लोक का जात नाहीत, हे त्यांच्याशी बोलल्यावरच कळतं. बस बाजारापासून लांब थांबते. उन्हात उभं राहवत नाही. एकट्यासाठी काय शिजवायचं, असं वाटतं. कवळीने कच्चं गाजर चावत नाही. आणि फार जणांना संकोच असतो: आयुष्यभर कष्ट करून खाल्लेल्या माणसाला चारचौघांत सरकारी कूपन पुढे करणं जड जातं. त्यांना मी शांतपणे सांगते की या कूपनावर शेतकऱ्याचंही घर चालतं. ते खरंच आहे, म्हणून पटतं.

शक्य असेल तर पहिल्या खेपेला सोबत जा. सेंटरची व्हॅन मिळत असेल तर तिच्यासाठी भांडायलाही हरकत नाही! प्रत्येक गाळ्यावर कूपन चालत नाही. मान्यताप्राप्त शेतकऱ्याकडे तशी पाटी असते, ती दाखवा. ताजी फळं, भाज्या, ताजे हर्ब्ज आणि मध घेता येतो. सुकामेवा, मेपल सिरप, सायडर, कुंडीतली रोपं चालत नाहीत. माल स्थानिकच हवा, त्यामुळे बहुतेक राज्यांत केळी मिळणार नाहीत. हे आधीच सांगितलं तर गाळ्यावर कुणाला ओशाळं व्हावं लागत नाही. कागदी कूपनावर सुटे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा चार टोमॅटो जास्त घालून हिशोब पूर्ण करायला शिकवा. काही राज्यांत आता कार्ड आलं आहे, तिथे ही अडचण कमी.

स्नॅप ही किराण्यासाठीची सरकारी मदत घेणाऱ्यांची आणखी एक भीती हमखास निघते: ‘हे घेतलं तर माझे स्नॅपचे पैसे कापतील का?’ नाही. कूपनांची मदत उत्पन्नात धरली जात नाही. हे उत्तर तुमच्या तोंडी पाठ हवं, कारण या एका शंकेपायी माणसं दारातून परत जातात.

ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी प्रतिनिधी नेमायची सोय आहे. मुलगी, शेजारी, कुणीही त्यांच्या वतीने खरेदी करू शकतं. त्यासाठीचा फॉर्म वाटपाच्या दिवशीच भरून घ्या.

मार्च-एप्रिलमध्येच आपल्या भागातल्या एरिया एजन्सी ऑन एजिंगला, म्हणजे ज्येष्ठांच्या सेवा बघणाऱ्या स्थानिक संस्थेला, फोन करा. पुष्कळ ठिकाणी कूपनं ‘आधी येईल त्याला’ तत्त्वावर संपतात, तेव्हा माणसं लागतात ती सुरुवातीलाच. काम पगारी असेल आणि तुम्ही एफ-१ व्हिसावर असाल, तर होकार देण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या.